एका दिवसाची निर्यात

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात पोहोचली. गंमत अशी, की विक्रीचा हंगाम ठरला होता १५ जून ते १५ नोव्हेंबर. म्हणजे उद्घाटन आणि सांगता एकाच दिवशी. करारावर सह्या खरं तर जुलैत व्हायच्या होत्या. पण ढाक्यात आंदोलन पेटलं, सरकार कोसळलं आणि त्या ऑक्टोबरवर गेल्या.

हसू येतं, पण २००९ च्या सुरुवातीचं काठमांडू आठवलं की ते विरतं. तेव्हा तिथे दिवसाचे सोळा तास वीज नसे. शब्दही आपलाच, लोडशेडिंग. हिमालयातल्या नद्यांच्या देशाची ही गत का व्हावी? तिथली बहुतेक जलविद्युत केंद्रं वाहत्या पाण्यावर चालतात. कोयनेसारखा मोठा साठा पाठीशी नाही. पावसाळ्यात नदी दुथडी भरते, हिवाळ्यात रोडावते, आणि तिच्याबरोबर वीजही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये नेपाळला भारताशी जोडणारी ढल्केबर–मुझफ्फरपूर वीजवाहिनी सुरू झाली, सुरुवातीला ८० मेगावॉटची. भारत–नेपाळ सीमेवरची नाकाबंदी तेव्हा नुकतीच सरली होती. गॅस मिळेना म्हणून काठमांडूकरांनी त्या काळात इंडक्शनच्या शेगड्या घेतल्या होत्या. त्याच वर्षी कुलमान घिसिङ नेपाळच्या वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि काठमांडूतला अंधार हटला. श्रेय त्यांना मिळालं, ते रास्तच. पण या उजेडात भारतातून घेतलेल्या विजेचाही मोठा वाटा होता, आणि भारताची वीज म्हणजे मुख्यतः कोळसा.

तार जोडली म्हणून बाजार उघडत नाही. नेपाळला भारताच्या वीज बाजारात विक्रीची मुभा मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, अवघ्या ३९ मेगावॉटची. तीही त्रिशूली आणि देवीघाट या, भारताच्याच मदतीने उभ्या राहिलेल्या, दोन केंद्रांपुरती. पुढेही परवानगी एकेका प्रकल्पाला. चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार असलेल्यांना दार बंदच. पाणी त्याच नद्यांचं, कार्बन तितकाच वाचणारा. तरी जनित्र कोणी बसवलं यावर विजेची पात्रता ठरते, हे मला आजही पटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मात्र भारताने नेपाळकडून दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार झाला.

कार्बनचा हिशेबही सरळ नाही. पावसाळ्यात नेपाळचं पाणी भारतातला थोडा कोळसा वाचवतं, हिवाळ्यात भारताचा कोळसा नेपाळचे दिवे लावतो. बांगलादेशाशी जोडी त्या मानाने चांगली जमते: तिथे विजेची मागणी चढते तेव्हाच नेपाळच्या नद्या भरलेल्या असतात.

१५ जून २०२५ ला निर्यात पुन्हा सुरू झाली, तेवढीच, ४० मेगावॉट. त्याच बांगलादेशासाठी झारखंडात गोड्ड्याला उभारलेला, २०२३ मध्ये सुरू झालेला कोळशाचा प्रकल्प १,६०० मेगावॉटचा आहे.