शाळेत मुलं हलतात तरी किती?

मैत्रिणींनो, डबा उरून आला तर आपण मुलांची उलटतपासणी घेतो. चाचणीत दोन गुण कमी पडले तर लगेच बाईंना भेटायला जातो. पण "आज शाळेत किती धावलास? काय खेळलीस?" असं आपल्यापैकी किती जणी विचारतात? एकदा विचारून पाहाच. "पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतला," "मैदानावर गाड्या लावल्या होत्या," अशी उत्तरं येतील. आणि सातवी-आठवीतली लेक कदाचित सरळ सांगून मोकळी होईल, "मी नाही खेळत."

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि घरी दोन मुलांची आई आहे. त्यामुळे शाळेची अडचण आणि आईची काळजी, दोन्ही रोज दिसतात. म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे मांडते आहे.

वाणसामानाचा मांडतो तसा मुलाच्या दिवसाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. रिक्षात किंवा बसमध्ये जाऊन-येऊन एक तास, शाळेत बाकावर पाच तास, शिकवणीला दीड तास, गृहपाठाला एक आणि टीव्ही-मोबाईलपुढे निदान एक. झाले की नाही साडेनऊ तास? एवढा वेळ तर ऑफिसातला कारकूनही खुर्चीत बसत नसेल! आणि हे बसणं वाढत्या अंगाचं, बरं का.

मुलांना हालचाल लागते तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप असं: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान ३ दिवस त्यात हाडं व स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा. उड्या, दोरी, धावणं, चढणं हे सारं त्यात आलं. आता प्रत्यक्षात काय आहे ते पाहा. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ते १७ वयाच्या १०० मुलांपैकी ८१ जणांची हालचाल या मापापेक्षा कमी भरली. मुलगे ७८, तर मुली ८५!

"संध्याकाळी खेळतील की," असं वाटणं साहजिक आहे. पण कुठे खेळणार? वाड्याचं अंगण गेलं, गल्लीत मोटारी उभ्या, इमारतीच्या आवारात "इथे चेंडू खेळू नये" अशी पाटी. ज्याच्या घरापुढे बाग आहे तो खेळेल, बाकीच्यांनी काय करायचं? सगळ्या घरांतली मुलं-मुली रोज एकत्र येतात ती जागा एकच, शाळा. म्हणून ही ६० मिनिटं, निदान त्यातली निम्मी, शाळेच्या दिवसातच बसवायला हवीत. आणि ती एकदम सलग मिळण्याची गरज नाही. भिशीसारखी थोडी थोडी जमली तरी चालतात.

दिवसात जागा कुठे काढायची?

सुरुवात परिपाठापासून करा. प्रार्थना, सुविचार, बातम्या हे सगळं मुलं उभी राहून ऐकतात. त्याला जोडूनच दहा मिनिटं कवायत किंवा सूर्यनमस्कार सहज बसतात. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले होते.

दुसरी जागा तासातच आहे. सलग दोन तास झाले की मुलं चुळबुळू लागतात. तेव्हा ओरडण्यापेक्षा त्यांना उठवावं. साठ मुलांच्या वर्गात धावता येत नाही हे खरं, पण उठा-बसायला काय हरकत? माझ्या मराठीच्या तासाला मी शब्द सांगते. नाम असेल तर उभं राहायचं, क्रियापद असेल तर खाली बसायचं, विशेषण आलं की हात वर. तीन मिनिटांत उजळणी होते, हसणं होतं आणि पुढचा धडा मुलं नीट ऐकतात. लहान वर्गात पाढे म्हणताना जागच्या जागी उड्या मारता येतात. भूगोलाच्या तासाला दिशा वळून दाखवता येतात.

तिसरी जागा मधल्या सुट्टीची. डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या वेळात मुलं काय करतात? सामान नसेल तर एक तर ढकलाढकली, नाही तर व्हरांड्यात बसून गप्पा. पैसे खर्च न करता इथे पुष्कळ करता येतं. शाळेच्या फरशीवर रंगाने ठिकरीच्या चौकटी आखून द्या. घरातली जुनी नायलॉनची दोरी कापून उड्यांसाठी द्या. लगोरीला फुटक्या कौलांचे तुकडे आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. मैदान लहान असेल तर इयत्तांचे वार ठरवून द्यावेत, म्हणजे दांडगे मुलगे सगळी जागा अडवत नाहीत. आणि शिक्षकांच्या व पालकांच्या गाड्या मैदानाबाहेर लावाव्यात.

चौथा, पीटीचा तास. त्याबद्दल दोनच मागण्या आहेत. परीक्षा जवळ आली म्हणून हा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षा म्हणून वापरू नये, तसंच शिक्षा म्हणून मधली सुट्टीही काढून घेऊ नये. ज्या गोष्टीची शिक्षा होते, तिची आवड मुलाला कशी लागणार?

मैदानच नसेल तर? स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग गावच्या एका प्राथमिक शाळेची गोष्ट ऐका. २०१२ साली तिथल्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी रोज १५ मिनिटं मुलांना वर्गाबाहेर काढून चालायला-पळायला लावायला सुरुवात केली. कपडे नेहमीचेच, सामान काही नाही, शर्यत नाही, नंबर नाही. दमलं तर चालायचं, बरं वाटलं की पळायचं. वेळ कोणती, ते वर्गशिक्षकांनी ठरवायचं. पुढे कितीतरी देशांतल्या शाळांनी हा प्रकार उचलला. आपल्याकडे शाळेच्या इमारतीभोवती फिरण्यापुरती वाट असली तरी हे जमेल. मात्र एप्रिलच्या उन्हात हे सकाळीच करावं आणि पाण्याची बाटली जवळ असावी. दम्याचा वगैरे त्रास असलेल्या मुलाबद्दल डॉक्टरांना विचारून बाईंना आधीच सांगून ठेवावं. पण त्याला कायमचं कडेला बसवू नये.

मुली कडेला का बसतात?

आता या विषयातलं मला सर्वांत जास्त सलणारं दुखणं. पाचवीपर्यंत मुलग्यांच्या बरोबरीने पळणाऱ्या मुली सातवीत आल्या की मैदानाच्या कडेला, झाडाखाली गोळा होऊन बसलेल्या दिसतात. कुणी ऐन उन्हातही स्वेटर काढत नाही. विचारलं तर "पोट दुखतंय" म्हणतात. बोलतं केलं की खरी कारणं कळतात. आखूड स्कर्टमध्ये पळायची लाज वाटते. शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत डाग पडण्याची धास्ती असते. मुलगे हसतात. आणि घरी कुणीतरी म्हटलेलं असतं, "आता मोठी झालीस, पुरे झालं हुंदडणं!"

यातलं एकही कारण मुलीच्या अंगातल्या ताकदीशी संबंधित नाही. सगळी कारणं मोठ्यांना दूर करता येण्यासारखी आहेत. पीटीच्या दिवशी सलवार किंवा ट्रॅक पँट चालेल एवढी परवानगी, स्वच्छतागृहात पाणी आणि कडी, बाईंच्या कपाटात जादा पॅडचं पाकीट आणि आठवड्यातून दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी. पाळी आली म्हणून खेळ बंद करण्याचं कारण नाही. ज्या मुलीला फार त्रास होतो तिला डॉक्टरांना दाखवावं. बाकीच्यांनी झेपेल तेवढं खुशाल खेळावं. वाढत्या वयातच हाडं भरत असतात. पुढे बाळंतपणं आणि उतारवय याच हाडांवर काढायचं आहे, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आणि मैत्रिणींनो, खेळ आपल्या घरातच आहेत की! फुगडी, झिम्मा, पिंगा, किकीचं पान, कोंबडा. मंगळागौरीला रात्रभर खेळणाऱ्या आपल्या आज्यांना कुठे पीटीचे सर होते? लाजणाऱ्या मुलींना मैदानावर आणायचं तर सुरुवात फुगडीने करावी. हसू फुटलं की पुढची वाट सोपी होते. मग खो-खो आहेच. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली जिंकला. ही नावं आपल्या लेकींना सांगा.

अभ्यासाचं काय?

ही शंका प्रत्येक पालकसभेत निघते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली शाळेतली हालचाल आणि अभ्यास यांवरचे ५० अभ्यास तपासले. त्यांत आढळलेल्या संबंधांपैकी निम्म्याहून किंचित अधिक अनुकूल होते, बहुतेक बाकीच्यांत काही फरक दिसला नाही, आणि प्रतिकूल जेमतेम दीड टक्का होते. म्हणजे खेळायला वेळ दिल्याने गुण घसरतात ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

शाळेत जायचं ते कसं?

रागाने एकटीच तावातावाने जाऊ नका. शिक्षकांचीही बाजू असते. एका पीटीच्या सरांकडे शेकडो मुलं, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, वर सरकारी कागदपत्रं. शिवाय गुडघा खरचटला किंवा गणवेश मळला की भांडायला येणारे पालक! म्हणून चौघी-पाचजणी मिळून जा आणि पहिलं वाक्य असं बोला: "बाई, खेळताना थोडंफार लागलं तर आमची तक्रार नाही." मुख्याध्यापिकांचा अर्धा ताण तिथेच उतरेल.

मग एकच गोष्ट मागा. "पीटीचा तास राखा" किंवा "परिपाठानंतर दहा मिनिटं द्या." सोबत मदतही देऊ करा. दोऱ्या-चेंडू गोळा करणं, फरशीवर चौकटी आखणं, आठवड्यातून एक दिवस मधल्या सुट्टीत लक्ष ठेवायला येणं. दोन महिन्यांनी पुन्हा भेटा, कसं चाललंय ते विचारा आणि मगच पुढची मागणी करा.

आपल्या हातात कायद्याचाही आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य सांगितलेलं आहे. सरकारी आणि नगरपालिकेच्या शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं हाच कायदा म्हणतो. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. या सभांना आपण जातो, सही करतो, चहा पिऊन परत येतो. पुढच्या वेळी एवढा विषय तेवढा मांडा.

शाळा किलोमीटरभरच लांब असेल तर आणखी एक करता येईल. गल्लीतल्या आठ-दहा मुलांना एका आईने पायी घेऊन जायचं, उद्या दुसरीने. रिक्षाचे पैसे वाचतात आणि पंधरा मिनिटं पदरात पडतात. दप्तर मात्र आधी हलकं करा. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे ते मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड असू नये. मूल तीस किलोचं, तर दप्तर तीन किलोचं. आज रात्री वजनकाट्यावर ठेवूनच पाहा!

आणि उद्या मूल घरी आलं की डब्याच्या आधी विचारा, "आज काय खेळलीस ग?" उत्तर "काही नाही" असं आलं, तर शेजारणीला हाक मारा आणि शाळेत जायचा दिवस ठरवा.