मोर्चाचा व्हिडिओ शेअर करताय? आधी त्यातली माणसं जपा

कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडची दुर्गंधी हा कांजूर, भांडुप, विक्रोळीच्या रहिवाशांचा जुना प्रश्न. त्यासाठी लोक रस्त्यावर उतरतात आणि मोबाइल बाहेर निघतात. व्हिडिओमुळे प्रश्न सगळीकडे पोहोचतो, हे खरंच. पण त्यातला एखादा चेहरा भाडेकरूचा असतो, एखादा कंत्राटी कामगाराचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतल्या वृक्षतोडीला विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. त्यांत विद्यार्थीही होते. कोण कुठे, किती वाजता उभं होतं, हे आपल्या पोस्टमधून उघड होऊ शकतं.

फोटोत काय काय लपलेलं असतं?

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. याला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती सहसा निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सोबत जाते. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा.

चेहरा कसा झाकायचा?

• हलकं ब्लर किंवा चौकड्या पुरेशा नाहीत. त्यामागचा चेहरा कधीकधी ओळखता येतो. पूर्ण अपारदर्शक चौकोन लावा. हायलायटर नको, ब्राइटनेस वाढवली की त्याखालचं दिसतं.
• फोटो झाकून झाल्यावर त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच शेअर करा. मूळ फोटोतलं लोकेशन त्यात येत नाही.
• सिग्नल अ‍ॅपमध्ये फोटोतले चेहरे झाकता येतात, यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओतले. पण माणूस वळला की ब्लर सुटू शकतं, म्हणून व्हिडिओ थांबवत थांबवत तपासा.
• टॅटू, गणवेश, आयकार्ड, गाडीचा नंबर, घराची पाटी यांवरूनही ओळख पटते. आवाजावरूनही. गरज नसेल तर आवाज काढून टाका.

लाइव्ह करावं का?

लाइव्हमध्ये झाकायला वेळच मिळत नाही. करायचंच असेल तर कॅमेरा फलकांकडे, पायांकडे किंवा गर्दीच्या पाठीकडे ठेवा. नाहीतर रेकॉर्ड करा, लोक घरी पोहोचले की पोस्ट करा.

परवानगी कशाची घ्यायची?

'फोटो काढू का?' एवढंच विचारून भागत नाही. तो कुठे टाकणार, नाव देणार का, हेही सांगा. आज हो म्हणणारी व्यक्ती उद्या 'काढून टाका' म्हणाली तर काढा. लहान मुलांचे चेहरे शक्यतो दाखवूच नका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे.

मूळ व्हिडिओ डिलीट करायचा?

मारहाण किंवा दडपशाही टिपली असेल तर नाही. तो पुरावा आहे. मूळ फाइल न छेडता सुरक्षित ठेवा आणि झाकलेली प्रतच शेअर करा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही असते. फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तर ही व्हॅल्यू बदलते.

फोनला चेहऱ्याऐवजी सहा अंकी पिन लावा. फोन दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्यात फक्त तुमचे नाही, सगळ्यांचे चेहरे असतात.