मंत्र्यांचं उत्तर आमच्या वहीतून जातं

डिसेंबर महिना होता. नागपूरला अधिवेशन सुरू होतं. इकडे हरभरा घाट्यावर आला होता आणि मी एका शेतकऱ्याच्या वावरात कामगंध सापळा कसा लावायचा ते दाखवत होतो. भोवती आठ-दहा माणसं उभी. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडून आवाज आला, “अहो, एलएक्यू आलाय. विहिरींचा. संध्याकाळी पाचपर्यंत माहिती पाहिजे.” आणि फोन बंद.

सरकारी खात्यात काम केलेल्याला ‘एलएक्यू’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. विधिमंडळात आमदारांनी विचारलेला प्रश्न. अधिवेशनाच्या दिवसांत हा शब्द ऐकला की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे कान टवकारतात. लोकांना मात्र त्यातलं फारसं माहीत नसतं. टीव्हीवर सभागृहातला गोंधळ दिसतो, कुणी कागद फाडतो, कुणी घोषणा देतो. गडी माणूस म्हणतो, “यांच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय?” पण मंडळी, त्या सभागृहात मंत्री जे उत्तर वाचतात, त्यातला आकडा कित्येकदा तुमच्या-आमच्या बांधावरून गेलेला असतो. तो कसा जातो आणि वाटेत त्याचं काय होतं, हे आज सांगायचं आहे.

प्रश्नाचा प्रवास

छापील यादीत प्रश्नाची भाषा ठरलेली असते. “सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय,” अशी सुरुवात. मग एक, दोन, तीन असे मुद्दे: अमुक तालुक्यात अनुदानावरच्या विहिरी अपूर्ण असताना पूर्ण दाखवल्या, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली काय? नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली. “हे खरे आहे.” “हे खरे नाही.” “हे अंशतः खरे आहे.” आणि सगळ्यांचं लाडकं, “प्रश्न उद्भवत नाही.”

ज्या प्रश्नावर चांदणीची खूण असते तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं आणि त्यावर आमदारांनी उपप्रश्न विचारायचे. अतारांकित प्रश्नाचं उत्तर नुसतं लेखी मिळतं. दिल्लीला लोकसभेतही हीच रीत. तिथं एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर घेतले जातात. खरी कसोटी लागते ती उपप्रश्नाला. लेखी उत्तर खात्याने तयार करून दिलेलं असतं. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतःच्या माहितीवर उभं राहावं लागतं.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. इंग्रजांच्या काळी १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायची आणि अंदाजपत्रकावर बोलायची मुभा मिळाली. मत द्यायची नाही, उपप्रश्नाचीही नाही. उपप्रश्न आला तो १९०९ च्या सुधारणांनंतर. एवढ्या तुटपुंज्या सवलतीतही आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली अंदाजपत्रकावर बोलताना सरकारचं शिलकीचं गणित उलगडून दाखवलं. तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून रयत सुखी आहे असं नाही, गरिबाच्या मिठावरचा कर आधी कमी करा, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. खजिन्याचा हिशेब मागायची वाट तेव्हापासून पडलेली आहे.

एका प्रश्नाने मंत्री गेले

प्रश्नाने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी मुंदडा प्रकरणाची गोष्ट सांगतो. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना सरकारने विम्याचा धंदा ताब्यात घेतला आणि आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. पैसा कुणाचा? हप्ते भरणाऱ्या साध्या नोकरदारांचा, मास्तरांचा, दुकानदारांचा. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीचा सल्ला न घेता.

लोकसभेत याबद्दल प्रश्न आले. सुरुवातीची उत्तरं मोघम होती. पण डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी कागदपत्रांच्या आधारे सरकारला धारेवर धरलं. हे गृहस्थ विरोधी पक्षातले नव्हते, सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार. वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. तरी त्यांनी विचारलं, कारण पैसा विमेदारांचा होता.

मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. जानेवारी १९५८ मध्ये मुंबईत चौकशी झाली, तीही उघड्यावर. लोकांची एवढी गर्दी झाली, की बाहेर कर्णे लावून कामकाज ऐकवावं लागलं. फेब्रुवारीत अहवाल आला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. आपल्या सचिवाने केलं, मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून मंत्र्याला सुटता येणार नाही, खात्याची जबाबदारी मंत्र्याचीच, असं छागलांनी स्पष्ट म्हटलं.

त्या एका वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. खालच्या माणसाने केलेल्याची जबाबदारी वरच्याची. हे खरंच आहे. पण मग खालच्या माणसाने वर पाठवलेला कागद खरा असायला नको का?

चोवीस विहिरी

आता माझ्या त्या फोनकडे येतो. प्रश्न अनुदानावरच्या सिंचन विहिरींचा होता. माझ्याकडच्या गावांत ३१ विहिरी मंजूर होत्या, त्यांपैकी २४ पूर्ण असं माझ्या नोंदवहीत लिहिलेलं होतं. काम पाच मिनिटांचं. वहीतला आकडा विवरणपत्रात उतरवायचा, सही करायची, पाठवून द्यायचा. उरलेल्या रकान्यांत ‘निरंक’. पाच वाजायच्या आत मोकळा.

पण मला ठाऊक होतं, की त्या २४ पैकी काही खुणा मार्चअखेरच्या आहेत. मार्च म्हणजे काय हे शेतकऱ्यालाही कळतं. पैसा ३१ तारखेच्या आत खर्ची पडला नाही तर परत जातो. त्या धांदलीत ‘काम अंतिम टप्प्यात’ असलेल्या विहिरींपुढेही पूर्ण अशी खूण झाली होती. कुणी पैसे खाल्ले असं नव्हतं. पुढच्या महिन्यात होईल, अशा भरवशावरची ती खूण होती. आणि ती माझ्याच हातची होती.

विहीर चोरीला गेल्याची गोष्ट आपण सिनेमात बघितली आणि पोट धरून हसलो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी साहेबांना फोन केला, “उद्यापर्यंत वेळ द्या, बघून येतो.” साहेब म्हणाले, “आता बघायची वेळ आहे का? जे वहीत आहे ते पाठवा.” मग थोडं थांबून म्हणाले, “बरं, सकाळी दहापर्यंत. त्यापुढे नाही.”

एका मित्राला बरोबर घेतलं आणि मोटारसायकलवर निघालो. रात्री बॅटरीच्या उजेडात विहिरी बघितल्या, पहाटे उरलेल्या. २४ पैकी २० चोख होत्या. दोन विहिरींचं खोदकाम झालेलं, पाणीही लागलेलं, पण बांधकाम नव्हतं. एकीच्या कडा पावसाळ्यात ढासळल्या होत्या. आणि शेवटची होती एका एकट्या बाईची. वीस फुटांवर काळा पाषाण लागला आणि काम थांबलं होतं.

मी म्हणालो, “मावशी, हे तुम्ही सांगितलं का नाही?”

मावशी म्हणाल्या, “सांगितलं की बाबा. हापिसात गेले तर म्हणाले, तुमची विहीर पूर्ण झालीय. मी म्हणलं, माझ्या वावरात तर खड्डा हाय. ते म्हणाले, कागदावर पूर्ण हाय, आता काही देता येत नाही.”

खुणेची किंमत ती. वहीत ‘पूर्ण’ असल्यामुळे त्या बाईंना मुदतवाढ नाही, सुरुंगाला पैसे नाहीत, तक्रारीलाही जागा नाही. खोटा आकडा म्हणजे निव्वळ मुंबई-नागपूरची फसवणूक असं मला तोवर वाटायचं. तो आधी गावातल्याच माणसाचं नुकसान करतो, हे त्या खड्ड्याच्या काठावर समजलं.

सकाळी दहाच्या आत मी २० चा आकडा दिला आणि चार विहिरींची खरी स्थिती खाली टीप म्हणून लिहिली. साहेबांनी वाचलं. म्हणाले, “मागचा अहवालही तुमच्याच सहीचा आहे. खुलासा द्यावा लागेल, माहीत आहे ना?” मी हो म्हणालो. खुलासा मागितला गेला, मी दिला. समज मिळाली, सेवापुस्तकात नोंद होईल की काय म्हणून सहा महिने झोप नीट लागली नाही. पण साहेबांनी आकडा खोडला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पुढे छापील यादीत उत्तर आलं, “हे अंशतः खरे आहे.” लोक या शब्दाला हसतात. पण त्या ‘अंशतः’ मध्ये चार विहिरी होत्या. एकदा सभागृहापुढे अपूर्ण म्हणून आल्यावर त्यांची नोंद दुरुस्त करावीच लागली. दोन विहिरींचं बांधकाम झालं. मावशींचा प्रस्ताव नव्याने गेला, वर्ष लागलं, पण सुरुंग लागले. पस्तीस फुटांवर पाणी आलं. ढासळलेली विहीर मात्र अजून तशीच आहे. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

आपण काय करायचं?

प्रश्न विचारायचा हक्क आमदार-खासदारांचा आहे आणि त्याचीही कधी विटंबना होते. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना घरी पाठवावं लागलं. सप्टेंबर २०२० च्या कोरोनातल्या अधिवेशनात संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, फक्त लेखी उत्तरं मिळाली. म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकून आपण मोकळं होऊ नये.

माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ ला आला आणि देशभर १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच्या आठव्या कलमात २०२५ पर्यंत एक मोठं वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे या बाबतीत बांधावरचा माणूस आणि बाकावरचा आमदार तेव्हा एका पंगतीला होते.

अर्ज साध्या कागदावर करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नको. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ लावू नका. ‘गावात भ्रष्टाचार झाला आहे, चौकशी करा’ असं लिहाल तर हाती काही लागणार नाही. ‘अमुक वर्षी मंजूर विहिरींची यादी, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, दिलेल्या रकमा आणि तारखा द्याव्यात’ असं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. मिळालेली यादी घरात ठेवू नका. ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि एकेक नाव घेऊन विचारा, “ही विहीर कुठाय?”

आणखी एक. गावात आलेला कर्मचारी वही घेऊन बसला, की त्याला चहा जरूर पाजा, पण वहीत काय लिहितो तेही बघा. “साहेब, माझ्यापुढे काय लिहिलंत?” एवढं विचारायला लाजू नका. आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ द्या.

त्या दिवसापासून मी एक नेम केला आहे. विहिरीच्या काठावर उभं राहिल्याशिवाय ‘पूर्ण’ लिहायचं नाही. मार्च असो की अधिवेशन. परवा मावशींच्या वावरात गेलो होतो. हरभऱ्याला पाणी चालू होतं. म्हणाल्या, “बाबा, आता लिही तुझ्या वहीत.” मी वही काढली. आधी विहिरीत वाकून बघितलं, मग लिहिलं.