पेटीत सापडलेले रेल्वेचे जुने शेअर: विकता येतात का?



या वेळचा विषय माझ्या बॅचमधल्या एका मुलामुळे सुचला. त्याला कुंभार पिंपळगावला ठिबकचं साहित्य आणि मोटार दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. घरातली जुनी पेटी आवरताना त्याला तीन कागद मिळाले. एक निजामाच्या काळातल्या रेल्वे कंपनीचा शेअर, एक साखर कारखान्याचा आणि एक शेअर बाजारातल्या कंपनीचा. त्याने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि दोनच दिवसांत एका एजंटाचा फोन आला, "रेल्वेच्या शेअरचे आज १२ लाख होतात, आधी १८ हजार प्रोसेसिंग फी भरा."

मुलगा मला विचारतो, "सर, भरू का? दुकानाचं डिपॉझिट निघेल."

मी म्हटलं, थांब. आधी कागदामागे आज कोण उभं आहे ते बघू.

१. रेल्वेचा कागद

आपल्या घनसावंगीला रेल्वे नाही, गाडी पकडायला परतूर नाहीतर जालना. ही लाइन निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेची. कंपनी लंडनची होती आणि भागधारकांना व्याजाची हमी निजाम सरकारची होती. १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे विकत घेतली. म्हणजे शेअरमागची मालमत्ता तेव्हाच दुसऱ्याची झाली. कुर्डुवाडीच्या बार्शी लाइट रेल्वेचं असंच. तीही लंडनची कंपनी, १९५४ साली सरकारने घेतली. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला मात्र स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं किलिक निक्सन या खासगी कंपनीकडे राहिली. त्यामुळे प्रत्येक रेल्वेची चौकशी वेगळी करायची.

कंपनीच राहिली नसेल तर शेअर म्हणून कागदाची किंमत शून्य. राहते ती जुनी वस्तू म्हणून किंमत. असे कागद जमवणारे छंदी लोक असतात. ते कागदाची अवस्था, सह्या, छपाई आणि तसे किती कागद उरलेत हे बघून भाव देतात. म्हणून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, पेनाने काही लिहू नका. आणखी एक, ७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक महत्त्वाचा कागद १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतो आणि अशा वस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाहीत. बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, चालू असलेल्या वारसा रेल्वेचे शेअर असतात का? असतात, ब्रिटनमध्ये. तिथे १९५१ पासून टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवक चालवतात आणि पुढे अशा अनेक लाइन उभ्या राहिल्या. त्यातल्या काही लाइन हौशी लोकांना शेअर विकतात. पण लाभांशाची अपेक्षा कुणी ठेवत नाही. फार तर प्रवासात सवलत मिळते. बाजारात गिऱ्हाईक नसतं, म्हणून नको झालेला शेअर दुसऱ्या हौशी माणसाच्या नावावर करतात नाहीतर त्या रेल्वेच्याच ट्रस्टला देऊन टाकतात. प्रेमापोटी घेतलेला शेअर असाच सोडावा लागतो.

२. कारखान्याचा कागद

सहकारी संस्थेच्या शेअरला बाजारभाव नसतो, दर्शनी किंमत असते. तो किमान १ वर्ष धरलेला असावा लागतो आणि सभासदालाच, किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झालाय त्यालाच देता येतो. सभासद वारले असतील तर आधी वारसनोंद करा. आणि घरात ऊस असेल तर घाईने शेअर सोडू नका. ऊस घालायचा हक्क, सवलतीची साखर, मतदान, हे सगळं सभासदत्वावरच चालतं.

३. बाजारातल्या कंपनीचा कागद

खरा पैसा बहुतेक वेळा इथे असतो. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपनीचे कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी डिमॅट लागतं. कंपनी आज कोणत्या नावाने चालू आहे ते कॉर्पोरेट मंत्रालयाच्या वेबसाइटवर शोधा. मग तिच्या रजिस्ट्रारकडे केवायसी, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं द्या. सलग ७ वर्षं लाभांश कुणी उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असू शकतात. ते आयईपीएफ-५ अर्ज भरून परत मागता येतात. या अर्जाला सरकारी फी नाही. नोटरी, स्टॅम्पचा खर्च येतो तेवढाच. म्हणून "आधी फी भरा" म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

आता धंद्याचं

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच खाऊन सांगतोय. दुकान नवीन होतं तेव्हा ओळखीतल्या एकाच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये मी पैसे घातले. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा कळलं, असा शेअर मनात येईल त्याला विकता येत नाही, कंपनीच्या नियमावलीत बंधनं असतात. तीन वर्षं माझं भांडवल अडकलं आणि दिवाळीचा माल उधारीवर उचलावा लागला.

म्हणून कुठलाही शेअर घेण्याआधी तीन प्रश्न विचारा:

- मला नको झाला तर घेणार कोण?
- भाव कोण ठरवणार?
- परवानगी कुणाची लागणार?

उत्तर मिळालं नाही तर तो पैसा धंद्याचं भांडवल म्हणून धरू नका. हौस म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या.

त्या मुलाने १८ हजार भरले नाहीत. कारखान्याचा शेअर आईच्या नावावर करायला दिलाय, कंपनीच्या शेअरचा अर्ज चालू आहे, रेल्वेचा कागद फाईलमध्ये जपून ठेवलाय. आणि डिपॉझिट? जागामालकाशी बोलून दोन हप्ते करून घेतले. पेटीतला पैसा यायचा तेव्हा येईल, शटर मात्र या महिन्यात उघडतंय.

तुमच्याही घरात अशी पेटी असेल तर या रविवारी उघडा. भेटू पुढच्या व्हिडिओत!