कॉम्प्युटरच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?

हल्ली मुलांचा अभ्यास, विजेचं बिल, बँकेचे व्यवहार, सारं घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. पण दुपारची कामं आटोपून विंडोजचं अपडेट सुरू करावं, तर पडद्यावर उमटतं, ‘ॲक्सेस डिनाइड’! म्हणजे परवानगी नाही. ‘हे आले की बघतील’ म्हणून आपण झाकण लावून टाकतो, आणि अपडेट महिनोन्‌महिने राहून जातं.

मैत्रिणींनो, हे राहणं महागात पडतं. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारं अपडेट दिलं होतं. ते ज्यांनी बसवलं नाही, त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ कोसळला. फायलींना कुलूप लावून तो खंडणी मागे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतसुद्धा रुग्णांना परत पाठवावं लागलं.

आता परवानगीचं गणित. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा, आणि ‘स्टँडर्ड’ म्हणजे घरात वावरणारा, पण कपाट न उघडणारा. आपलं खातं कुठलं, हे सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि मग ‘युअर इन्फो’ उघडलं की नावाखाली दिसतं. आपोआप येणारी अपडेट्स साध्या खात्यावरही बसतात. पण स्वतः उतरवून घेतलेली फाइल बसवायची, तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतोच.

पासवर्ड असूनही अडलं, आणि शून्य, एक्स व पुढे ८००७०००५ असा आकडा दिसला, तर घाबरू नका. मशीन बिघडलेलं नाही. अपडेटला हव्या त्या फायलींना हात लावता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग क्रमाने असं करावं :

१. चालू कामं जतन करून ‘रीस्टार्ट’ करावं. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

२. विंडोज ११ असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, ट्रबलशूट, अदर ट्रबलशूटर्स असं जाऊन ‘विंडोज अपडेट’समोरचं ‘रन’ दाबावं.

३. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस कधीकधी आड येतो. तो तेवढ्यापुरता बंद करावा; अपडेट होताच आठवणीने चालू करावा.

४. एवढं करूनही जमलं नाही, तर फायली पेनड्राइव्हवर उतरवून जाणकाराला बोलवावं. कुणी सांगितलं म्हणून आतल्या फायली पुसू नयेत.

यजमानांचा लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर मात्र हात लावू नका. त्याच्या किल्ल्या ऑफिसकडेच असतात. आणि ‘आम्ही कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय, तुमचं अपडेट अडलंय’ असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. कंपनी असे आपणहून फोन करत नाही. चुकून पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला कळवा.

शेवटी महत्त्वाचं. पुष्कळ घरांत हा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो, आणि तो माणूस फिरतीवर तरी असतो, नाहीतर शिकायला परगावी. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली, हे आपल्याला माहीत असतं ना? मग हीही माहीत हवी. आज रात्री जेवणं झाली की पासवर्ड विचारून घ्या, वहीत लिहा, आणि ती वही पासबुकांशेजारी कुलपात ठेवा.