गाडी बंद पडली गोंदवल्यात, क्रेन येणार साताऱ्याहून! रोडसाईड असिस्टन्सचं गणित समजून घ्या



परवाच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं की, "सर, पिकअप घेतोय, इन्शुरन्सवाला रोडसाईड असिस्टन्स घ्या म्हणतोय. घेऊ का?" आणि दोघा-तिघांनी उलटा प्रश्न विचारला, "सर, आमचं गॅरेज आहे. या कंपन्यांचं काम आपल्याला मिळेल का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी देतो. सुरुवात माझ्या फजितीपासून.

म्हसवडला एका प्रशिक्षणासाठी निघालो होतो. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असा आपला नेहमीचा पंढरपूर रस्ता. गोंदवल्याच्या थोडं अलीकडे गाडीच्या गरम पाण्याचा काटा वर गेला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. एप्रिलचं ऊन, माणदेशचं माळरान, सावलीला एक बाभूळ. मी मनात म्हटलं, काळजी नाही, आपल्याकडे कव्हर आहे. फोन लावला. पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, "सर, सर्वात जवळचं वाहन साताऱ्यात आहे. अडीच तास लागतील. आपल्या प्लॅनमध्ये ५० किलोमीटर मोफत आहेत. वरच्या किलोमीटरचे पैसे जागेवर द्यावे लागतील."

गोंदवले साताऱ्यापासून साधारण ६४ किलोमीटर. मला वाटलं, ६४ वजा ५०, म्हणजे १४ किलोमीटरचे पैसे. तसं नव्हतं. क्रेन साताऱ्याहून निघाल्यापासून परत साताऱ्यात पोचेपर्यंतचं अंतर धरणार होते. म्हणजे ६४ अधिक ६४, १२८. त्यातून ५० वजा केले की ७८ किलोमीटर माझ्या खिशातून! समजा किलोमीटरला २० रुपये दर धरला, तर १,५६० रुपये. आणि हे सगळं 'मोफत' सेवा असताना. यात कंपनीची चूक नव्हती बरं का. कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

शेवटी रस्त्यावरच्या चहावाल्याने एका मेस्त्री पोराचा नंबर दिला. वीस-पंचवीस मिनिटांत तो मोटरसायकलवर आला. रेडिएटरचा होज फुटला होता. त्याने फुटका भाग कापून क्लिप आवळली, पाणी भरलं, गाडी चालू केली. साडेतीनशे रुपये घेतले. जाताना त्याने विचारलं, "सर, त्या कंपनीला माझा नंबर कसा द्यायचा? मी जुनी क्रेन घ्यायचा विचार करतोय. आईचे दागिने ठेवून थोडे पैसे उभे करतो, बाकी कर्ज."

मंडळी, त्या पोराला मी तिथे उभ्या उभ्या उत्तर दिलं नाही. आज देतोय. पण आधी गाडीवाल्याची बाजू.

रस्त्यावरची मदत येते कुठून?

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १९०५ साली मोटारवाल्यांनी स्वतःची संघटना काढली आणि पुढे तिथूनच रस्त्यावर दुरुस्ती करणारी माणसं फिरू लागली. आपल्या मुंबईतही वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासून आहे. तत्त्व एकच. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे भरायचे, ज्याची गाडी अडकेल त्याला मदत.

आज तुम्हाला मदत चार दारांतून मिळू शकते.

१. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून. नवी गाडी घेताना वॉरंटीसोबत काही वर्षं ही सेवा बऱ्याचदा मिळते. मुदत कधी संपते ते डिलिव्हरीच्या कागदात पाहा. आपण विसरून जातो आणि तेच पैसे दुसरीकडे परत भरतो.

२. इन्शुरन्समधला ॲड-ऑन. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी असेल तर थोडा जास्त हप्ता भरून हा जोडता येतो. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीवर तो सहसा मिळत नाही.

३. स्वतंत्र सदस्यत्व. वर्षाची फी भरायची, सेवा घ्यायची. हा इन्शुरन्स नाही, सेवेचा करार आहे. हा फरक पुढे तक्रारीच्या वेळी कामाला येतो.

४. महामार्गाची सेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा नंबर चोवीस तास चालू असतो. पुणे-बंगळूर महामार्गावर आनेवाडी किंवा तासवडे टोलच्या पट्ट्यात गाडी अडकली तर हा नंबर आधी लावा. पण लक्षात घ्या, ती क्रेन रस्ता मोकळा करण्यासाठी असते, तुमच्या ओळखीच्या गॅरेजपर्यंत पोचवण्यासाठी नाही. अपघातात कुणी जखमी असेल तर आधी १०८ किंवा ११२. गाडी नंतर.

"फुल इन्शुरन्स आहे" म्हणजे काय आहे?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'फुल' इन्शुरन्स अपघात, चोरी, आग, पूर अशा नुकसानीसाठी असतो. गाडी नुसती बंद पडली, बॅटरी उतरली, फॅन बेल्ट तुटला, क्लच बसला, हे त्यात येत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात.

अपघात झाला तर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा खर्च मूळ पॉलिसीत असतो, पण त्याला मर्यादा आहे. नेहमीच्या पॉलिसीच्या मजकुरात दुचाकीला ३०० रुपये, खासगी कारला १,५०० आणि मालवाहू गाडीला २,५०० रुपये असे आकडे दिसतात. माणमधून भरलेली पिकअप साताऱ्याला किंवा पुण्याला न्यायची म्हटलं, तर एवढ्यात भागेल का, तुम्हीच सांगा.

अजून एक अट. बिघडलेली गाडी तशीच रेटत नेली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेलं नुकसान तुमचं. मी त्या दिवशी "जाऊ दे, म्हसवडपर्यंत तर ओढू" म्हणून गरम इंजिन तसंच पळवलं असतं, तर साडेतीनशेचं काम हजारोंवर गेलं असतं आणि क्लेमही हातचा गेला असता.

पैसे भरण्याआधी विचारायचे सात प्रश्न

एजंटला फोनवर विचारू नका. व्हॉट्सॲपवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

- माझी गाडी धंद्याची, पिवळ्या नंबर प्लेटची आहे. तिला हा प्लॅन लागू आहे का? बरेच प्लॅन फक्त खासगी गाडीचे असतात.
- मोफत किलोमीटर किती, आणि ते कुठून मोजणार? गाडी उचलल्यापासून, की क्रेन निघाल्यापासून?
- वर्षात किती वेळा मदत मागता येईल?
- गाडी किती वर्षं जुनी झाली तरी सेवा चालते?
- गाडीत माल भरलेला असेल तर उचलणार का? की आधी माल उतरवून द्यायचा?
- स्टेपनी बदलणार, की पंक्चरही काढून देणार? डिझेल आणून दिलं तर डिझेलचे पैसे कुणाचे? बहुतेक ठिकाणी वस्तूचे पैसे तुमचेच असतात, फक्त आणून देण्याची सेवा मोफत.
- तुमचं वाहन वेळेत येऊ शकलं नाही आणि मी स्थानिक मेस्त्री बोलावला, तर त्याचं बिल मिळेल का? त्यासाठी आधी परवानगी लागते का?

शेवटचा प्रश्न माण, खटाव, आटपाडी, जत अशा भागांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे. शहरात क्रेन गल्लीच्या तोंडाला असते, इकडे पुढच्या तालुक्यात.

गाडी ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक असेल तर दोर बांधून टोचन करू देऊ नका. चाकं जमिनीवर फिरली तर गिअरबॉक्स किंवा मोटरला मार बसू शकतो. अशी गाडी पाठीवर घेऊन जाणारं फ्लॅटबेड वाहन मागा.

मग घ्यायचं की नाही? माझं मत सांगतो. तुमची गाडी रोज तालुक्यातच फिरते, ओळखीचे दोन मेस्त्री आहेत, तर त्या पैशांतून चांगली स्टेपनी, जॅक, टॉमी, जंपर केबल आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण घ्या. पण डाळिंब घेऊन रात्रीची पुण्या-मुंबईला जाते, ड्रायव्हर पगारी आहे, तर प्लॅन घ्या. अनोळखी घाटात रात्री दोन वाजता तुमच्या ड्रायव्हरला ओळखीचा मेस्त्री सापडत नाही, आणि सकाळचा बाजार चुकला की मालाचा भाव पडतो.

तक्रार करायची वेळ आलीच तर दार ओळखा. ॲड-ऑन असेल तर आधी इन्शुरन्स कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर, त्यानंतर विमा लोकपालाकडे. सदस्यत्व असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग.

आता त्या पोराचा प्रश्न: क्रेन घेऊ का?

यात धंदा आहे का? आहे. या कंपन्यांच्या प्रत्येक तालुक्यात स्वतःच्या गाड्या नसतात. त्या स्थानिक गॅरेज आणि क्रेनवाल्यांना जोडून घेतात आणि प्रत्येक कॉलमागे ठरलेले पैसे देतात. त्यांच्या वेबसाइटवर किंवा मेलवर 'सेवा भागीदार' म्हणून अर्ज करता येतो. आधार, पॅन, बँक खातं, उद्यम नोंदणी, दुकानाचे फोटो तयार ठेवा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आणि माणमध्ये गिऱ्हाईक येतं कुठून? गोंदवल्याला वर्षभर येणारे भाविक, चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा, मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची गर्दी. शिवाय गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली आपली माणसं सणाला, यात्रेला परराज्याच्या नंबर प्लेटच्या गाड्या घेऊन गावी येतात. यातल्या बऱ्याच जणांना इथला मेस्त्री माहीत नसतो.

पण गर्दी दिसली म्हणजे धंदा झाला असं नाही. वही काढा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा जुनी क्रेन घेतली. महिन्याचा हप्ता १४,००० रुपये, ड्रायव्हर १५,०००, इन्शुरन्स-टॅक्स-फिटनेसचा महिन्याचा वाटा ५,०००, दुरुस्ती ४,०००, किरकोळ १,०००. झाले ३९,०००. एका कॉलचे सरासरी २,२०० मिळाले आणि डिझेल-मजुरी ८०० गेली, तर हातात १,४००. आता ३९,००० भागिले १,४००. महिन्याला २८ कॉल. म्हणजे जवळजवळ रोज एक गाडी टोचन झाली पाहिजे, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर! वर कंपनीचे पैसे उधारीने येतात. डिझेल आज, बिल पुढच्या महिन्यात.

आता दुसरं गणित. मोटरसायकल घरची आहे. हवेचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, जंप स्टार्टर, होज, क्लिपा, बेल्ट, फ्यूज. महिन्याचा ठरलेला खर्च २,५०० धरा. एका कॉलला २५० मिळाले, पेट्रोल-सामान ७० गेलं, राहिले १८०. महिन्याला १४ कॉलमध्ये खर्च निघाला. पंधराव्या कॉलपासून कमाई.

म्हणून मी त्या पोराला फोन करून एवढंच सांगितलं, "बाळा, दागिने घरातच राहू दे. तीन महिने मोटरसायकलवर काम कर आणि वही ठेव. कॉल कुठून आला, किती वाजता, काय बिघाड, टोचन लागलं का, किती पैसे मिळाले." दहिवडी ते म्हसवड रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांवर, चहाच्या टपऱ्यांवर, भक्तनिवासांच्या आसपास त्याने नंबर देऊन ठेवला.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "सर, कॉल भरपूर आले. पण टोचन लागलेले दोन्ही हातांच्या बोटांवर मोजले. बाकी सगळं बॅटरी, पंक्चर, गरम गाडी." मग थोडा थांबून म्हणाला, "क्रेन घेतली असती तर दागिने गेले असते."

क्रेन कधीच घ्यायची नाही असं मी म्हणत नाही. वही सांगेल तेव्हा घ्यावी. आणि घ्याल तेव्हा दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, पिकअपला हुक वेल्डिंग करून क्रेन होत नाही. गाडीत असा बदल परवानगीशिवाय कायद्याला चालत नाही. वाहनाची नोंद त्याच वापरासाठी आरटीओकडे हवी. दुसरी, तुम्ही ओढत असलेली गिऱ्हाइकाची गाडी घसरली, आपटली, तर तुमची थर्ड पार्टी पॉलिसी तिचं नुकसान भरत नाही, कारण ती गाडी तुमच्या ताब्यात असते. त्यासाठी वेगळं कव्हर लागतं. एक चकचकीत एसयूव्ही पडली तर वर्षाची कमाई गेली म्हणून समजा.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज मोटरसायकलवरच्या सेवेला पुरेसं आहे. ताईंनो, म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून तुमच्यासारख्या छोट्या उद्योजिकांसाठीच उभी आहे. फोन घेणं, हिशेब, कंपनीचं बिलिंग हे काम घरातली ताई उत्तम सांभाळू शकते, आणि या धंद्यात अर्धा पैसा बिलिंगवरच टिकतो.

आजचा गृहपाठ. आपली पॉलिसी काढा, 'रोडसाईड' शब्द शोधा, वरचे सात प्रश्न एजंटला पाठवा. आणि गॅरेजवाल्यांनी उद्याच एक वही विकत घ्या. पहिल्या पानाचा फोटो मला नक्की पाठवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. गाडी जपून चालवा!