गोळीचा मार्ग : यवतमाळच्या वाघिणीच्या निमित्तानें

यवतमाळ जिल्ह्यांतील राळेगांव तालुक्यांत बोराटी गांवाजवळ २ नोव्हेंबर २०१८ रोजीं रात्रीं 'टी-१' अथवा 'अवनी' या नांवानें ओळखली जाणारी वाघीण गोळीनें मारली गेली. तेरा मनुष्यांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. आधीं तिला बेशुद्ध करून पकडावें, तें न साधल्यासच मारावें, असा वनखात्याचा हुकूम होता. तिनें अंगावर चाल केली म्हणून गोळी झाडावी लागली, असें पथकातर्फे सांगण्यांत आलें. या कथनाची परीक्षा करावयाची तर गोळी मोठ्या जनावराच्या देहांत काय करते, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

मोठें जनावर नुसत्या आघातानें मरत नाहीं. गोळी मर्मापर्यंत पोंचावी लागते. सुश्रुतानें मनुष्यदेहांतील १०७ मर्में सांगून त्यांचे सद्यःप्राणहर, कालान्तरप्राणहर, विशल्यघ्न, वैकल्यकर व रुजाकर असे पांच वर्ग केले. हा विभाग येथेंही उपयोगी पडतो. हृदय किंवा मेंदू विद्ध झाल्यास काम तत्काळ आटोपतें. पायाला वा पोटाला जखम झालेला वाघ मात्र झाडींत शिरतो आणि अधिकच घातक होतो.

जुन्या कागदांतील 'बारा बोअर' म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या. प्रत्येकीचें वजन सुमारें ५८३ ग्रेन, म्हणजे जवळजवळ ३८ ग्रॅम. अर्थात् आंकडा जितका लहान तितकी गोळी मोठी. पुढें 'एक्स्प्रेस' रायफली आल्या. त्यांची पोकळ नाकाची हलकी गोळी वेगवान खरी. परंतु जाड स्नायूंवर व हाडांवर ती वरच्यावर फुटे. म्हणून सॅम्युएल बेकर यानें १८९० च्या आपल्या ग्रंथांत वाघासाठीं मऊ शिशाची भरीव गोळी पसंत केली. ती पसरते, पण तिचे तुकडे होत नाहींत. धातूच्या पूर्ण कवचाची गोळी खोल जाते, परंतु अरुंद छिद्र पाडते. नाक उघडें ठेवलेली गोळी पसरून रुंद जखम करते. अशा पसरणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग येथील घोषणेनें युद्धांत वर्ज्य ठरल्या. शिकारींत मात्र जनावर लवकर मरावें म्हणून त्याच योग्य मानल्या गेल्या.

गोळी कोणतीही असो, तिचा मार्ग देहांत लिहिलेला राहतो. समोरून चाल करणाऱ्या वाघास ती बहुधा मस्तकांत वा छातींत पुढूनच लागावयाची. टी-१ च्या शवचिकित्सेंत गोळी डाव्या बाजूनें शिरल्याचें आढळलें. आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकानें तिचें तोंड गोळी झाडणाऱ्याकडे नव्हतें असा निष्कर्ष काढला. चाल केलेलें जनावर अखेरच्या क्षणीं वळूं शकतें, हें खरें. म्हणून एकट्या जखमेवरून झाडणाऱ्याच्या हेतूचा निर्णय होत नाहीं. परंतु चालीच्या कथनास या जखमेची साक्ष अनुकूल नाहीं, एवढें म्हणणें भाग आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाची शिकार बंद झाली. जुन्या शिकारींची साक्ष आतां कागदांतच उरली आहे. ज्या संग्राहकांजवळ शिकारीच्या वह्या असतील, त्यांनीं वाघाच्या लांबीचा आंकडा उतरून थांबूं नये. गोळी कोणत्या बाजूनें शिरली, कोठें थांबली, काढल्यावर तिचें वजन किती भरलें, या ओळी आधीं उतरून घ्याव्यात. मारणारा आपली हकीकत सांगतो. मारल्या गेलेल्या जनावराची हकीकत एवढ्या तीन ओळींतच असते.